महिन्याच्या आतली टक्केवारी: छेद आधी ठरवा, सूत्र नंतर लिहा

मासिक विक्रीच्या अहवालात जवळजवळ प्रत्येक व्यवस्थापक एक आकडा हमखास मागतो, तो म्हणजे त्या महिन्याच्या एकूण विक्रीत प्रत्येक वर्गाचा वाटा. मागणी एका वाक्याची असते आणि उत्तरही एका सूत्रात मावते. तरीही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अहवालांमध्ये सर्वाधिक गोंधळ याच आकड्याभोवती आढळतो, आणि त्याचे कारण सूत्र अवघड असते हे नसून छेद कोणता घ्यायचा हे कोणी ठरवलेलेच नसते, हे आहे. अंश सर्वांना दिसतो. छेद पडद्याआड असतो, आणि आपण ठरवला नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच तो निवडते व निवडल्याचे सांगतही नाही.

उदाहरणासाठी दुग्धजन्य पदार्थांचे एक दुकान घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. मार्च महिन्यात दुधाची विक्री ६,००,००० रुपये, दही-ताकाची २,००,००० आणि श्रीखंडाची २,००,००० झाली, एकूण १०,००,०००. एप्रिलमध्ये दूध तितकेच म्हणजे ६,००,०००, ऊन वाढल्यामुळे दही-ताक ३,००,००० आणि श्रीखंड अवघे ६०,०००, एकूण ९,६०,०००. आता मार्चच्या दुधाची टक्केवारी किती, असे विचारले तर तीन उत्तरे येऊ शकतात आणि तिन्ही गणिताच्या दृष्टीने बिनचूक असतात. मार्चच्या एकूण विक्रीशी तुलना केली तर ६० टक्के. दोन्ही महिन्यांच्या मिळून १९,६०,००० रुपयांशी तुलना केली तर ३०.६ टक्के. दोन महिन्यांतील एकूण दूधविक्रीशी तुलना केली तर ५० टक्के. विचारणाऱ्याला यांपैकी पहिले उत्तर हवे असते, पण बहुतेक साधनांच्या यादीत ‘एकूण बेरजेची टक्केवारी’ हा पर्याय सर्वांत वर असल्यामुळे घाईत दुसरे उत्तर अहवालात जाते.

एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे ओळी व स्तंभ हवे तसे मांडून बेरजा देणाऱ्या सारांश-तक्त्यात, हे काम सूत्राविना होते, मात्र मांडणीनुसार पर्याय बदलावा लागतो. महिने ओळींत आणि वर्ग स्तंभांत असतील तर ओळीच्या बेरजेची टक्केवारी निवडायची. महिने स्तंभांत असतील तर स्तंभाच्या बेरजेची. उद्या कोणी ओळी आणि स्तंभांची अदलाबदल केली की पर्याय तोच राहतो आणि अर्थ बदलतो, हे लक्षात ठेवावे लागते. खरी गुंतागुंत तेव्हा होते, जेव्हा महिना आणि वर्ग दोन्ही ओळींतच एकाखाली एक ठेवलेले असतात. यासाठी एक्सेल २०१० पासून वरच्या ओळीच्या बेरजेशी तुलना करणारा पर्याय उपलब्ध आहे. तो निवडला की दुधासमोर ६० टक्के दिसतात, पण त्याच स्तंभात मार्चच्या स्वतःच्या ओळीसमोर ५१ टक्के दिसतात, कारण मार्चची वरची पातळी म्हणजे संपूर्ण अहवाल. एकाच स्तंभात दोन वेगळे छेद शेजारी शेजारी बसलेले असतात. छापील प्रत हातात घेणाऱ्याला हे कळण्याचा काहीही मार्ग नसतो. म्हणून मी त्याऐवजी वरच्या घटकाच्या बेरजेचा पर्याय घेते आणि आधारक्षेत्र म्हणून महिना निवडते; मग महिन्याच्या ओळीसमोर १०० टक्के येतात आणि वाचणाऱ्याला छेद आपोआप समजतो.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या अहवाल तयार करण्याच्या साधनामध्येही मूल्य टक्केवारीत दाखवण्याची तशीच तयार सोय आहे, आणि एकदाच पाहून टाकायच्या तक्त्यासाठी ती पुरेशी आहे. पण तो आकडा त्या तक्त्यापुरताच राहतो. कार्डावर, आलेखात किंवा दुसऱ्या सूत्रात तो वापरता येत नाही. अहवाल दर महिन्याला चालणार असेल तर मेजर, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी त्या त्या वेळी नव्याने मोजले जाणारे सूत्र, लिहिणेच श्रेयस्कर. डॅक्स ही सूत्रभाषा २०१० मध्ये एक्सेलच्या पॉवरपिव्होटसोबत आली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या पॉवर बीआयने तीच पुढे चालवली. सूत्रे येथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत देत आहे. प्रत्यक्षात फंक्शनांची नावे रोमन लिपीत टंकावी लागतात.

विक्री = सम( व्यवहार[रक्कम] )

महिन्यातील वाटा = डिव्हाइड( [विक्री], कॅल्क्युलेट( [विक्री], रिमूव्हफिल्टर्स( उत्पादने[वर्ग] ) ) )

तक्त्यातील प्रत्येक चौकट ही फिल्टरांचा एक संच असते, ही डॅक्सची मूळ कल्पना येथे नीट समजून घेतली पाहिजे. ‘मार्च’ आणि ‘दूध’ यांच्या छेदनबिंदूवरील चौकटीत दोन फिल्टर लागू असतात. अंशाला ते दोन्ही लागू राहतात. छेद काढताना कॅल्क्युलेट वर्गावरचा फिल्टर तेवढा उचलते, महिन्यावरचा तसाच ठेवते, आणि त्यामुळे मार्चची एकूण विक्री हाती येते. रिमूव्हफिल्टर्स हे नाव २०१९ मध्ये आले. त्याआधी याच जागी ऑल लिहिले जाई आणि जुन्या अहवालांत ते अजूनही दिसते. डिव्हाइड वापरण्याचे कारण असे की ज्या महिन्यात विक्रीच झालेली नाही तेथे शून्याने भागल्याची चूक न येता चौकट रिकामी राहते.

हीच टक्केवारी कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये, म्हणजे माहितीच्या तक्त्यात सूत्राने जोडलेल्या स्तंभात, काढण्याचा मोह अनेकांना होतो, कारण एक्सेलमधून आलेल्या माणसाला ओळीसमोर आकडा दिसला की बरे वाटते. परंतु कॉलममधील मूल्य माहिती ताजी करतानाच ठरते. नंतर वाचकाने स्लायसरमधून (अहवालाच्या पानावरील निवडीच्या यादीतून) एखादी शाखा निवडली तरी ते हलत नाही. वाटा हा आकडा संदर्भानुसार बदलणाराच असल्यामुळे त्याची जागा मेजरमध्येच आहे.

महाजालावर या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांत ऑलएक्सेप्ट फार वेळा सुचवलेले दिसते: व्यवहारांच्या तक्त्यावरचे महिना सोडून बाकी सर्व फिल्टर काढा. छोट्या नमुन्यात हे उत्तर बरोबर चालते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. तक्त्यात वर्ष आणि महिना असे दोन वेगळे स्तंभ असतील आणि सूत्रात फक्त महिना वाचवला असेल, तर वर्षावरचा फिल्टरही निघून जातो. मग २०२४ च्या मार्चमधील दूध हे साठवलेल्या सर्व वर्षांच्या मार्च महिन्यांच्या बेरजेने भागले जाते. पहिल्या वर्षी अहवाल निर्दोष दिसतो आणि दुसऱ्या वर्षाची माहिती आली की टक्केवारी गुपचूप निम्म्यावर येते. शाखेचा स्लायसर लावला असेल तर तोही छेदातून उडतो. ‘एवढेच ठेवा आणि बाकी सर्व काढा’ असे सांगण्यापेक्षा ‘एवढेच काढा आणि बाकी सर्व ठेवा’ असे सांगणे मला नेहमीच अधिक सुरक्षित वाटते, कारण उद्या अहवालात कोणता नवा फिल्टर जोडला जाईल हे आज माहीत नसते.

अर्थात एवढेच काढा म्हणताना त्या ‘एवढ्या’त काय काय येते, हेही तपासावे लागते. याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. वर्गांची नावे वर्णानुक्रमाने न लावता दूध, दही-ताक, श्रीखंड या व्यवहारातल्या क्रमाने दिसावीत म्हणून आपण उत्पादनांच्या तक्त्यात एक क्रमांकाचा स्तंभ जोडतो आणि वर्ग हा स्तंभ त्या क्रमांकानुसार लावण्यास सांगतो. क्षणभरापूर्वी ६०, २०, २० दाखवणारा तक्ता आता प्रत्येक ओळीत १०० दाखवू लागतो. सूत्राला कोणी हात लावलेला नसतो. घडते ते असे की क्रम लावण्यासाठी पॉवर बीआय त्या क्रमांकाचा स्तंभही पार्श्वभूमीतील क्वेरीत समाविष्ट करते, त्यामुळे चौकटीवर वर्गाचा एक आणि क्रमांकाचा एक असे दोन फिल्टर लागतात, आणि आपण त्यांतील एकच उचललेला असतो. दूध म्हणजे क्रमांक १ हा फिल्टर छेदावर कायम राहिल्याने छेद पुन्हा दूधच होतो. उपाय सरळ आहे: रिमूव्हफिल्टर्समध्ये वर्ग आणि वर्गक्रम हे दोन्ही स्तंभ लिहायचे. वर्गाच्या खाली उत्पादनांची नावे उघडून पाहिली की असाच १०० टक्क्यांचा प्रकार दिसतो, कारण तेथे नावाचा फिल्टर शिल्लक असतो. तेव्हा स्तंभांऐवजी उत्पादनांचा संपूर्ण तक्ताच सूत्रात द्यावा लागतो. सर्वत्र १०० दिसले तर सूत्र मुळातून चुकले असे न मानता कोणता फिल्टर उरला आहे, हे शोधावे.

आता प्रश्न येतो वाचकाच्या निवडीचा. वाचकाने स्लायसरमधून फक्त दूध आणि श्रीखंड निवडले, तर मार्चमध्ये ६० आणि २० दिसावेत की ७५ आणि २५? वरील सूत्र ६० आणि २० दाखवते, कारण ते वर्गावरची निवडही बाजूला सारते. त्याजागी ऑलसिलेक्टेड लिहिले तर निवडलेल्यांपुरतीच बेरीज छेदात येते आणि ७५ व २५ मिळतात. यांत बरोबर कोणते, हे तंत्र सांगू शकत नाही. दुकानाच्या एकूण धंद्यात श्रीखंडाचे स्थान पाहायचे असेल तर पहिले, दोनच वस्तूंची आपसांत तुलना करायची असेल तर दुसरे. मी अहवाल मागणाऱ्याला हा प्रश्न आरंभीच विचारते, आणि ठरलेले उत्तर मेजरच्या नावातच लिहिते: ‘महिन्याच्या एकूण विक्रीतील वाटा’ किंवा ‘निवडलेल्या वर्गांतील वाटा’. नाव लांब होते, पण पुढच्या वादांना जागा राहत नाही.

इतर साधनांत हीच निवड वेगळ्या वेषात येते. टॅब्लो या आलेख-अहवालांच्या सॉफ्टवेअरमध्ये महिन्यापुरती बेरीज फिक्स्ड या प्रकारच्या सूत्राने बांधली, तर ती साध्या फिल्टरांच्या आधीच मोजली जाते, म्हणून वर्ग गाळले तरी छेद हलत नाही. तो हलवायचा असेल तर फिल्टरला संदर्भ-फिल्टर, म्हणजे फिक्स्डच्याही आधी लागू होणारा फिल्टर, करावे लागते. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेमध्ये विंडो फंक्शनने (ओळी तशाच ठेवून त्यांच्या गटाची बेरीज देणाऱ्या फंक्शनने) प्रत्येक महिन्याचा विभाग पाडून बेरजेची बेरीज घेतली की काम होते, परंतु ओळी गाळणारी व्हेअरची अट विंडोच्या आधी लागू होत असल्यामुळे तेथे गाळलेला वर्ग छेदातूनही जातो. टॅब्लोच्या फिक्स्डच्या अगदी उलट. शिवाय पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर दशांश भाग गळून पडतो आणि सगळे वाटे शून्य दिसतात. १०० ऐवजी १००.० ने गुणून सुरुवात केली की ते टळते.

महिना म्हणजे काय, हेही गृहीत धरू नये. तारखेतून केवळ महिन्याचा क्रमांक काढला तर सर्व वर्षांचे मार्च एकत्र होतात. एक्सेलमध्ये तारखांचा गट फक्त महिन्यांनुसार केला तरी हेच घडते. म्हणून तारखांच्या तक्त्यात वर्ष-महिना असा जोडस्तंभ हवाच. दुसरी बाब वेळेची. बिलिंगची यंत्रणा वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवत असेल, तर आपल्याकडील १ एप्रिलच्या पहाटे ५.३० पर्यंतचे व्यवहार ३१ मार्चला जमा होतात. कापडाच्या दुकानाला याचा काही फरक पडणार नाही. दुधाचा धंदा मात्र पहाटेचाच. महिन्याच्या एका टोकाला गेलेली विक्री दुसऱ्या टोकाला परत येत असल्याने वाटा फारसा बदलत नाही, पण ज्या वर्गावर परिणाम होतो तो नेमका एकच असतो, आणि दुकानाच्या रोजच्या गल्ल्याशी अहवालाची जुळणी बसत नाही. साडेपाच तास मिळवून मगच महिना काढावा.

पूर्णांकनाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. एप्रिलचे वाटे नेमके ६२.५, ३१.२५ आणि ६.२५ आहेत. एका दशांश स्थळापर्यंत दाखवले की ते ६२.५, ३१.३ आणि ६.३ होतात आणि त्यांची बेरीज १००.१ भरते. बैठकीत कोणीतरी ही बेरीज करतेच. सर्वांना आधी खाली उतरवून उरलेला अंश ज्याची बाकी मोठी त्याला देण्याची एक जुनी रीत आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील जागा राज्यांना वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९२ मध्ये तीच सुचवली होती. जागा अर्ध्या-पाव देता येत नाहीत, त्यामुळे तेथे ती आवश्यकच होती. विक्रीच्या अहवालात मात्र मूळ आकड्यांना हात न लावता तळाशी ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० पेक्षा किंचित कमी-अधिक दिसू शकते’ एवढी टीप देणे मी योग्य मानते.

वर्षाचा किंवा तिमाहीचा वाटा काढताना मासिक टक्केवाऱ्यांची सरासरी घेऊ नये, हे सांगितले तर सर्वांना पटते आणि तरीही ती घेतली जाते. श्रीखंडाचा वाटा मार्चमध्ये २० आणि एप्रिलमध्ये ६.२५ टक्के, सरासरी १३.१, तर दोन्ही महिन्यांचा खरा वाटा १३.३. फरक नगण्य वाटतो, कारण दोन्ही महिन्यांची उलाढाल जवळपास सारखी आहे. एप्रिलमध्ये दुकान अर्धा महिना बंद राहून सर्व वर्गांची विक्री निम्मी झाली असती, तर एप्रिलचा वाटा ६.२५ च राहिला असता, सरासरीही १३.१ च आली असती, पण खरा वाटा १४,८०,००० मध्ये २,३०,००० म्हणजे १५.५ टक्के झाला असता. मेजर बेरजेच्या ओळीतही पुन्हा भागाकार करते, म्हणून तिचा आकडा बरोबर येतो. तोच तक्ता एक्सेलमध्ये उतरवून घेऊन खाली सरासरीचे सूत्र ओढले की तो बिघडतो.

बिलांची संख्या मोजताना आणखी वेगळे भान ठेवावे लागते. एकाच बिलात दूध आणि दही दोन्ही असतात, त्यामुळे दूध असलेल्या बिलांचा आणि दही असलेल्या बिलांचा वाटा मिळून १०० च्या वर जातो. तेथे काहीही चुकलेले नसते. मात्र असा आकडा १०० टक्क्यांच्या रचलेल्या स्तंभालेखात कधीही घालू नये, कारण तो आलेख बेरीज बळेच १०० करून दाखवतो.

प्रत्येक अहवालात मी तपासणीचे एक पान ठेवते, जे वाचकांना दिसत नाही. त्यात दर महिन्याच्या वाट्यांची बेरीज आणि त्याशेजारी महिन्याची एकूण विक्री स्वतंत्रपणे काढलेली असते. ताळा जमला नाही की कारण बहुधा ठरलेले असते: एखादे नवे उत्पादन वर्ग न भरताच विकले गेलेले असते. अशी विक्री रिकाम्या वर्गाखाली जमा होते, आणि ती ओळ दिसायला वाईट म्हणून कोणी फिल्टरने लपवली की छेदात ती राहते पण तक्त्यात दिसत नाही. बेरीज ९७ किंवा ९८ भरते. रिकामी ओळ लपवण्याऐवजी तिला ‘वर्ग नमूद नाही’ असे नाव देऊन ठेवणे चांगले, म्हणजे ज्याच्याकडे वर्ग भरण्याची जबाबदारी आहे त्याला ती रोज दिसते.

आणि वाटा नेहमी रुपयांसोबतच दाखवावा. आपल्या उदाहरणात दुधाची विक्री एका रुपयानेही वाढलेली नाही, तरी त्याचा वाटा ६० वरून ६२.५ झाला, तो केवळ श्रीखंड घटल्यामुळे. टक्केवारीचा आलेख एकटाच समोर ठेवला तर दुधाने मुसंडी मारली असा अर्थ निघेल, आणि त्यावरून पुढच्या महिन्याची खरेदी ठरेल.

श्रीखंडाच्या बाबतीत तर महिन्याची चौकटच अपुरी पडते. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. आपल्या भागातील श्रीखंडाची मोठी खरेदी पाडव्याच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी होत असल्यामुळे २०२४ च्या मार्चमधील वाटा २०२३ च्या मार्चशी ताडून पाहिला की घसरण दिसते, आणि एप्रिलमध्ये तितकीच मोठी वाढ दिसते. दोन्हींचा मागणीशी काही संबंध नसतो. यासाठी मी तारखांच्या तक्त्यात पाडव्यापासूनच्या दिवसांचे अंतर सांगणारा एक स्तंभ ठेवते, ज्यात सणाचा दिवस शून्य, आदला दिवस उणे एक अशी नोंद असते. त्यावरून सणाच्या आधीचे सात दिवस आणि सणाचा दिवस मिळून एक कालखंड तयार होतो, आणि वाट्याचे तेच सूत्र महिन्याऐवजी त्या कालखंडावर चालवता येते. सूत्रात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही, कारण ते फक्त वर्गाचा फिल्टर काढते. मासिक तक्ता हिशेबासाठी तसाच राहतो. श्रीखंडाची मागणी वाढली की घटली, हे मात्र मी पाडव्याच्या कालखंडाच्या तक्त्यावरूनच सांगते, आणि अहवालात मार्च व एप्रिलच्या श्रीखंडाच्या ओळीखाली त्या वर्षीच्या पाडव्याची तारीख लिहून ठेवते.